एका श्वासातला संकल्प

"गंगेला घाई नसते, शेठ." मी घड्याळ दाखवलं की गुरुजी एवढंच म्हणायचे आणि डोळे मिटून पुढे चालू.

काशीत मी रिकाम्या हाताने आलो आणि मराठी यात्रेकरूंसाठी यात्री निवास उभा केला. घासाघीस केल्याशिवाय मी भाजीही घेत नाही. पण पंचगंगा घाटावरच्या या गुरुजींपुढे माझं काही चालत नसे. लोकांची गाडी सुटते, श्राद्ध अर्ध्या तासात उरका, म्हणून मी तावातावाने भांडायचो. ते ऐकायला नावाडी वल्ही थांबवायचे.

तुम्ही कधी त्यांच्यासमोर बसला असाल तर आठवेल. देश, काळ, गोत्र, सगळा लांबलचक संकल्प ते एका श्वासात म्हणत आणि मग यजमानाकडे मिश्कीलपणे पाहत. "हं, आता तुम्ही."

मागच्या वर्षी त्यांच्या मानेत कॅन्सरची गाठ निघाली. इंजेक्शनं सुरू झाली. गाठ विरघळू लागली तसे ते अधूनमधून घाटावर येऊ लागले.

एका सकाळी त्यांनी संकल्प चार तुकड्यांत म्हटला. पुढचे मंत्रही गाळले. पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी जिंकलो. "काय गुरुजी, गंगेला घाई झाली?" मी टोमणा मारला. ते हसले आणि खोकले. कोरडाच खोकला.

हे औषध फुप्फुसांना इजा करू शकतं, खोकला आला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी सांगा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे मला गुरुजी घाटाच्या पायऱ्यांवर कोसळल्यावर कळलं. दम कमी पडतो म्हणून ते पहाटे प्राणायाम वाढवत गेले होते. डॉक्टरांना एक अक्षर नाही.

इस्पितळात मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"डॉक्टरांनी औषध थांबवलं असतं हो. गाठ जात होती."

आठव्या दिवशी ते गेले. मला त्यांचा राग अजून येतो. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून मी पोट भरलं, आणि हा माणूस समोर बसून मला फसवत राहिला.

तेराव्याला वहिनी, गुरुजींच्या पत्नी, वाढता वाढता थांबल्या. "घरी तर काही बोलायचे नाहीत. घाटावर दमायचे का हो, भाऊजी? तुम्ही बघत होतात."

"नाही वहिनी. कधीच नाही."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या पानात आग्रहाने आणखी एक लाडू वाढला.