विहिणीशिवाय नाही

इस्त्रीवालीचं आणि तिच्या विहिणीचं पोरांच्या लग्नापासूनच फाटलं होतं. कशावरून, ते दोघींनाही नीट आठवत नव्हतं; अबोला मात्र नेमाने पाळला जात होता. मुलगा-सून कामासाठी परदेशी गेल्यावर तर बोलायचं निमित्तही उरलं नाही.

मग लढाई शहरात शिरली. गल्लीवर गोळे पडायला लागले, तेव्हा मिळेल त्या ट्रकमध्ये इस्त्रीवाली चढली. समोर बोचकं मांडीवर घेऊन विहीण बसलेली.

"तुम्ही?"

"नाही, माझं भूत."

ट्रकने शहराबाहेर सोडलं; पुढचे पाच दिवस पायीच होते. विहिणीचा गुडघा टम्म सुजला. इस्त्रीवालीने तिचंही बोचकं उचललं आणि सरहद्दीपर्यंत ते किती जड आहे हे ऐकवत राहिली.

छावणीत दोघींना एकच तंबू मिळाला. इस्त्रीवालीला रिकामं बसवेना. सपाट बुडाच्या पातेल्यात निखारे भरून ती परदेशी जाण्याच्या परवानगीसाठी मुलाखतीला जाणाऱ्यांचे सदरे कडक करून द्यायची. म्हणायची, "साहेबासमोर चुरगळलेलं जाऊ नये. चुरगळायचं काम तो करतोच."

दीड वर्षाने छावणीच्या कचेरीतून तिला बोलावणं आलं.

"तुम्हाला बोलावून घ्यायचा मुलाचा अर्ज मंजूर झालाय," कारकून म्हणाला. "तुम्ही निघू शकता. तुमच्या विहिणीची फाइल वेगळी आहे, तिला वेळ लागेल."

"मग मलाही वेळ लागेल."

फोनवर मुलगा कळवळला. "आई, वेड लागलंय का तुला? तुमचं तर पटतही नाही!"

"पटत नाही म्हणून टाकून येऊ? पाण्याच्या रांगेत तिला उभं राहवत नाही. आणि तुझ्या बायकोला कुठल्या तोंडाने भेटू?"

विहीण तंबूत सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली.

दुसरी फाइल सुटायला सात महिने लागले. तोवर इस्त्रीवालीच्या परवानगीची मुदत संपली, तिचे कागद नव्याने करावे लागले. त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

विमानतळावर काचेचं दार सरकलं आणि सून धावत आली ती थेट सासूच्या गळ्यात पडली.

"बघ, ही माझी पोटची पोर!" विहीण डोळे पुसत म्हणाली.

तीन वर्षांची नात बापाच्या पायामागून बघत होती. "यातली माझी आजी कोणती?"

"दोघीही," बाप म्हणाला.

"खोटं."

आठवडाभर ती लांबूनच न्याहाळत राहिली. फोनमधल्या आज्या अंगाने एवढ्या मोठ्या असतील असं तिला वाटलं नव्हतं. पुढे इस्त्रीवालीला इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम लागलं. एका सकाळी कामावर जायला ती अंथरुणातून उठणार, तेवढ्यात नात उशी घेऊन आली, दोघींच्या मध्ये शिरली आणि झोपून गेली. पदर तिच्या अंगाखाली अडकला होता. तो न ओढता इस्त्रीवाली तशीच पडून राहिली.

"उशीर होईल," विहीण कुजबुजली.

"होऊ दे."