अफ्राचा न केलेला केक

अफ्रा प्लांकर माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, मला ‘ओमा’ म्हणजे आजी म्हणायची. डोंगरातल्या ओट्झ खोऱ्यात दुधाची गाडी चालवणाऱ्याची लेक, इथे इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. हवा उपसून काढलेल्या पोलादी पिंपात ती थायमिन तापवून त्याची वाफ करी. थायमिन म्हणजे आपल्या डीएनएचाच एक तुकडा. मग त्या वाफेवर इलेक्ट्रॉन सोडी, तेही अगदी संथ, रेंगाळणारे.

"ओमा, थायमिनचा रेणू धक्क्यानं नाही हो मोडत," बटाटे सोलता सोलता ती सांगायची. "रेणू त्या इलेक्ट्रॉनला घरात घेतो आणि रेणूचाच हायड्रोजन निखळून पडतो."

माझी शाळा बेताची, पण घरात घेतलेल्या माणसापायी मोडलेली घरं मी पाहिलीत. मला लगेच पटलं.

तिच्या टाशलरसाहेबांना मात्र पटेना. "पोरी, भट्टी फार तापवलीस. माल आधीच करपलाय, हे तुकडे त्याचेच!"

त्यांच्या प्रयोगशाळेत रीत अशी, की ज्याच्या हातून काम नासलं त्यानं घरी केक भाजून सगळ्यांना खिलवायचा.

"मग, केक कधी?" साहेबांनी चारचौघांत विचारलं.

"चुकले असते तर आजच आणला असता."

"अस्सं? मग पुढच्या महिन्यापासून यंत्र दुसऱ्याकडे."

घरी आली ती लालबुंद होऊन. मीच पीठ काढलं. "कर गं एकदाचा, तोंडं तरी बंद होतील त्यांची."

तिनं पीठ परत डब्यात ओतलं. "केक नेला की कबुली दिली, ओमा."

मग तिनं दुसरं थायमिन मागवलं. तो निखळणारा हायड्रोजन असतो नेमक्या त्याच जागी मिथाइल नावाच्या अणुगटाची टोपी बसवलेलं. भट्टी तीच, आच तीच, इलेक्ट्रॉन तेच. पण त्या रेंगाळणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी आता काही निखळेना. साधं थायमिन पुन्हा घातलं, की पुन्हा निखळायला लागलं. आचेनं करपत असतं तर दोन्ही करपली असती; मग निखळण्याचं खापर आचेवर कसं फुटणार?

टाशलरसाहेब तिचा आलेख बघून म्हणाले, "वा! आपल्या गटाचा शोध!"

आपल्या! करपलं तेव्हा तिचं एकटीचं, आणि आता आपलं!

"आधी केक, साहेब," अफ्रा म्हणाली. "आणि कशाबद्दल, तेही सगळ्यांसमोर सांगायचं."

आणला त्यांनी. चूक आपली होती असं पुटपुटलेही. यंत्र तिच्याकडेच राहिलं. तिनं माझ्यासाठी एक तुकडा आणला, तर खाली बेकरीचा कागद चिकटलेला.

"अगं, हा विकतचा!"

"जाऊ द्या ना, ओमा."

का म्हणून जाऊ द्यायचं? तिच्याकडून घरचा मागत होते ना? दुसऱ्या दिवशी तो तुकडा मी तिच्याचबरोबर परत पाठवला, सोबत माझं भाजायचं भांडं.

"त्यांना दे," म्हटलं. "आणि सांग, घासून परत हवंय."