गाठ मी मारली होती

"म्हातारबा, दावं आणलं न्हाई का?"

पार्कमालक अण्णांचा मुलगा बोलला आणि पाण्याच्या घसरगुंडीची सगळी रांग हसली. माझी नात पायऱ्यांवर आडवी पडली होती. दोन्ही हात कानांवर. किंचाळत होती. वरच्या भोंग्यातून गाणी आदळत होती. तिच्यामुळं रांग थांबली होती.

नात नऊ वर्षांची. बोलत नाही. बीडच्या डॉक्टरांनी स्वमग्न म्हणून सांगितलं होतं. गाव वेडी म्हणायचं. मीही म्हणायचो. तिला पाणी आवडतं. मेंढरांच्या हौदात हात घालून ती दुपार दुपार बसायची. म्हणून माझी सून कविता म्हणाली, "मामा, एकदा पाण्याच्या पार्कात नेऊ."

पार्क अण्णांचं, रस्त्याला लागून, नवंच. अण्णा म्हणजे गावातले मोठे जमीनदार आणि पुढारी. आम्ही मेंढपाळ. आमची मेंढरं रात्री त्यांच्याच रानात बसायची. लेंडीखत त्यांना, धान्य आम्हाला. पास त्यांनीच दिले होते.

कवितानं फाटकावरच तिथल्या माणसाला विचारलं होतं, "दादा, हिला आवाज सहन व्हत न्हाई. बाजूनं सोडता का?"

"फुकटात आलाव, अन् वर नखरे?"

आता ती भोंगा कमी करा म्हणून सांगायला धावली होती. तेवढ्यात अण्णा आले. सोबत पाहुणे.

"काय रं हे? आवर की तिला."

एवढंच म्हणाले. मी खांद्यावरची दस्ती काढली. तिच्या मनगटाला वेढा दिला, लोखंडी कठड्याला गाठ मारली. बुजलेल्या मेंढराला असंच करतो. हात आपोआप चालले. नात गप्प झाली. तोंड उघडं, आवाज नाही.

अण्णा पाहुण्यांना म्हणाले, "बघा, मेंढक्याला जनावर बरोबर कळतं."

सगळे हसले. मीही हसलो. लोकांनी मोबाईल वर धरले.

त्या वेळी मला काही वाटलं नाही. खरंच नाही. अंगावर पाणी उडत होतं, तेही कळत नव्हतं.

कविता आली. गाठ सोडायला तिला वेळ लागला.

मोबाईलवरचं ते गावभर फिरलं. त्यात बांधलेली पोरगी दिसत होती. मी दिसत नव्हतो. माझा मुलगा परळीला राखेच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याचा फोन आला.

"आबा, पोरीला कावून बांधलं? कुणी बांधलं?"

"तुझ्या बायकोनं."

विचार करून बोललो नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी विचार करून तेच बोललो. भावकीत बसूनही तेच. कविता एकदाच म्हणाली, "मामा, खरं सांगा." मी मेंढरांकडं निघून गेलो. माझ्या शब्दावर मुलानं तिला पालीला, माहेरी नेऊन घातलं. नातही गेली. पोटच्या पोरीला बांधणारी, असं तिला तिथल्या बायाही म्हणू लागल्या. मी रोज भाकरी खात होतो. झोप लागत होती.

मग पार्कचं नाव सावरायला तिथं विशेष मुलांचा दिवस ठरला. अण्णांचा मुलगा घरी आला.

"पेपरवाले येणार हायेत. तुमी दोनच शब्द बोला. आईनंच बांधलं, आमच्या माणसांनी सोडवलं. मेंढरं रानात राहतील."

मी हो म्हणालो. तेच बोलायचं ठरवून गेलो. मुलालाही त्यांनी समोर बसवलं होतं.

स्टेजसमोर खाली आणलेली मुलं बसली होती, एकसारख्या टोप्या घालून. भोंगा सुरू झाला. एक पोरगा कान दाबून खुर्चीखाली शिरला. त्याच्या आईनं चारी बाजूंना बघितलं आणि हात जोडले. कुणी तिला काही बोललं नव्हतं. तरी ती एकेकाकडं वळून हात जोडत होती.

माझं नाव पुकारलं. मी माईक धरला.

"पोरीला मी बांधलं. माझ्या सुनेनं न्हाई. अण्णा म्हणले आवर, मी बांधलं. हे हसले. मी बी हसलो."

माईक बंद झाला.

"खाली उतर बे!" अण्णांचा मुलगा ओरडला.

माईकशिवाय पुन्हा सगळं सांगितलं. मुलाकडं बघून सांगितलं. मग उतरलो. संध्याकाळच्या आत आमची मेंढरं रानाबाहेर काढली गेली.

पालीला गेलो. कविता दारातच उभी राहिली. ऐकून घेतलं.

"मामा, तुमी एकदा सांगितलं. मला लोकांनी रोज म्हणलंय."

पाणी दिलं. आत बोलावलं नाही. नातीनं माझ्याकडं बघितलं नाही. दोघींचंही बरोबर होतं.

मला माफी नको. घरी यायचं की नाही, हे कविता ठरवेल. मुलाला बजावलंय, तिला आणायला जाऊ नको, विचारायला जा. ती न्हाई म्हणली तर गुमान परत ये.

माझं काम वेगळं आहे. लोकांनी जे रोज म्हटलं, ते मला रोज खोडायचंय. जिथं मेंढरं बसवीन तिथं आधी हे सांगेन. माझं नाव घेऊन, अण्णांचंही घेऊन. ऐकून एखाद्या गावानं उठवलं, तर पुढच्या गावात सांगेन.