रुमाल बांधलेला डोळा

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी कानातली शिट्टी काही थांबत नाही. जन्मभर फायरिंगच्या मैदानावर उभं राहिलेल्याला दुसरं काय मिळणार म्हणा! नव्या अफसरांना नेम धरायला शिकवायचं, रायफल खोलून जोडायला लावायची, एवढंच काम केलं मी. आम्ही हवालदार त्यांचे उस्ताद. समोरचा पोरगा कालपर्यंत आईच्या हातचं खाऊन आलेला असला तरी त्याला साहेबच म्हणायचं, असा तिथला रिवाज. रागवायचं तेही साहेब लावूनच. ‘साहेब, आपण डोळे मिटून गोळी मारली. आता रायफल डोक्यावर धरा आणि पळा.’ पुढं त्याच्या खांद्यावर तारे लागले की पहिला सॅल्यूट उस्तादाचा.

परभणीला परत आलो. घरी बसून अंग आंबायला लागलं, म्हणून शहराबाहेर एक मैदान धरलं आणि भरतीची पोरं तयार करायला लागलो. पळणं, दोर चढणं आणि छर्‍याची एक जुनी बंदूक. त्यातून वालूरच्या एका गुरुजींची पोरगी थेट अफसरच्या ट्रेनिंगला गेली. माझ्या हाताखालची पहिलीच. गावात स्टँडवर तिचं बॅनर लागलं.

मागच्या सुट्टीत गुरुजी तिला मोटरसायकलवर बसवून मैदानावर घेऊन आले. पोरीचं तोंड एवढंसं झालेलं.

“उस्ताद, फायरिंगमधी दोनदा नापास झाले,” ती म्हणाली. “पडून मारलं की बरोबर बसतंय. पण निशाण्याचा पुतळा अचानक उभा राहतो, चार सेकंदांत मारायचं आसतंय, तवा समद्या गोळ्या डावीकडं जायल्यात. तिसऱ्यांदा गेलं तर सहा महिने मागं टाकतेत.”

“बॅनर आजून तसंच हाय,” गुरुजी म्हणाले. “लोकांला काय सांगू?”

“बॅनर काढा की मग!” मी खेकसलो. गुडघे दुखत होते, ऊन चढत होतं, आणि खरं सांगायचं तर मला आता कुणालाच काही शिकवायचं नव्हतं.

तरी घोडा बसवलेली लाकडी रायफल दिली तिच्या हातात. नळीवर रुपया ठेवला. घोडा दाबला तरी रुपया पडता कामा नये, ही आमची जुनी परीक्षा. दहा वेळा दाबला, रुपया हलला नाही. हात लय चांगला. मग म्हणलं, आता पटकन खांद्याला लाव. तिनं लावली, आणि तिची मान उजवीकडं झुकली, डावा डोळा नळीवर यायला बघत होता.

मी तिला तिथंच थांबवलं.

“रायफल ठेव. दोन्ही हात लांब कर, पंज्यांची फट कर. दोन्ही डोळ्यांनी त्या फटीतनं पाण्याची टाकी बघ. आता डावा डोळा मीट.”

“टाकी गेली, उस्ताद.”

“उजवा मीट.”

“दिसायली.”

म्हणजे पोरगी डाव्या डोळ्याची; नेम तोच डोळा धरतो, आणि रायफल मात्र उजव्या खांद्यावर. एका मिनिटाची ही तपासणी. शेकडो साहेबांची केली मी, पहिल्याच दिवशी, न चुकता. हिची नाही केली. मला आठवलं, बंदूक पहिल्यांदा धरली तेव्हा ती म्हणाली होती, डावा डोळा मिटत न्हाई. मी दमलेलो होतो. “मग बांध रुमाल,” म्हणलं, आणि पुढच्या पोराकडं वळलो. वर्षभर ती रुमाल बांधून शिकली. तिथं ट्रेनिंगला रुमाल चालत नाही, म्हणून पडून मारताना कसाबसा डोळा मिटत होती. घाईत मात्र तो उघडायचा. परक्यांच्या लेकरांना सगळं नियमानं दिलं आणि आपल्या मुलखातल्या लेकीला उरलंसुरलं. लाज वाटली स्वतःची.

“चूक पोरीची न्हाई, गुरुजी,” मी म्हणालो. “माझी हाय.”

“उद्या कवा आणू तिला?” गुरुजींनी एवढंच विचारलं. तेच लय लागलं.

सुट्टीचे आठ दिवस उरले होते. रोज सकाळी ती वालूरहून यायची. रायफल डाव्या खांद्यावर, दोन्ही डोळे उघडे. सगळं उलटं, सगळं नव्यानं. पहिल्या दिवशी रुपया सारखा पडायचा आणि ती मुकाट्यानं उचलून परत ठेवायची.

महिन्याभरानं फोन आला.

“उस्ताद, पास झाले.”

मी भिंतीला टेकलो. “आणि डाव्या खांद्याला कुणी हरकत घेतली न्हाई?”

“न्हाई. तिथल्या उस्तादांनी इचारलं फक्त, रुमालाची खोड कुणी लावली म्हणून.”

“मग?”

“म्हणलं, कुणी न्हाई. मीच घरी बांधून लावून घेतली.”

“अगं, माझी चूक होती ती!”

“राहू द्या की, उस्ताद.”

शेकडो पोरांना साहेब म्हणत आलो, रिवाज म्हणून. हिला नेहमी पोरी म्हणलं.

“बरं, साहेब,” मी म्हणालो.

ती हसली. “आजून तारे कुठं लागलेत, उस्ताद?”

“रिवाज मला शिकवू नका, साहेब,” म्हणलं, फोन ठेवला आणि रडलो.