पत्रकातली खोटी ओळ आणि बऱ्हाणपूरचे पाणी

ज्या गावचे पाणी तुम्ही कधी प्यायला नाहीत, त्या गावाविषयी तुम्ही कधी छापून मोकळे झाला आहात काय?

मी झालो होतो. पत्रक चार पानांचे होते. पिवळट, स्वस्त कागद. जळगावच्या एका छापखान्यात दार आतून लावून छापलेले. त्यात माझे म्हणणे असे होते की, बादशाही सत्ता आणि आजची परकी सत्ता यांची जात एकच. रयतेकडून सारा घ्यायचा आणि स्वतःच्या नावाने दगड रचायचे. दिल्लीत त्या वेळी सरकारची नवी राजधानी उठत होती. तिच्या जोडीला मला एक जुना दाखला हवा होता, आणि तो जवळचा, आपल्या तापीच्या काठचा. एके काळी साऱ्या खानदेशाचा कारभार जिथून चाले ते बऱ्हाणपूर मला आठवले, आणि तिसऱ्या पानावर मी लिहिले : ‘बऱ्हाणपुरात बादशहांनी किल्ला बांधला, हमामखाना बांधला, बेगमेसाठी कबर बांधली, रयतेसाठी एक विहीरसुद्धा खोदली नाही.’

ही ओळ मला फार आवडली होती. छापखान्यात ती मी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा खिळे जुळवणारा माणूससुद्धा हात थांबवून ‘वा!’ म्हणाला. बऱ्हाणपूर मात्र मी पाहिलेले नव्हते.

पाहायला हवे, असेही मला वाटले नाही. आमच्या घरी पोथ्या थोड्या आणि पत्रके फार. वडील ती ज्वारीच्या कणगीत दडवून ठेवीत. पत्रकांना धान्याचा वास लागलेला असे. मी अक्षरे गिरवली ती त्यांच्यावरच. छापलेले ते खरे आणि जप्त झालेले ते दुप्पट खरे, असा माझा ठाम समज होता.

पत्रकांचे दोन गठ्ठे झाले. एक माझा मित्र धुळ्याला घेऊन गेला. दुसरा मी वळकटीत गुंडाळला आणि बऱ्हाणपूरची गाडी धरली. तिथे माझी मावशी दिलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिथला आठवड्याचा बाजार होता. बाजारात पत्रके वाटायची आणि पोलीस यायच्या आत परत फिरायचे, एवढाच बेत.

गाडीत मला बसवेना. भुसावळ गेले, सावदा गेले, दोन्हीकडे केळीची हिरवी रांग हटेना, आणि मी दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होतो. फैजपूरकडचे एक म्हातारे शेतकरी शेवटी म्हणाले, ‘बसा ना भाऊ. तुम्ही उभं राहिल्यानं गाडी काही लवकर पोचत नाही.’ डबा हसला. मी बसलो आणि रावेर यायच्या आत पुन्हा उभा राहिलो.

मावशीच्या घरी वळकटी टाकली आणि चूळसुद्धा न भरता बाहेर पडलो. उन्हाळ्याचे दिवस होते. किल्ला तापीवर सरळ उभा आहे. खाली नदी आणि वर विटांच्या उंच भिंती. आत हमामखाना, बादशाही न्हाणीघर. छतावर रंगीत वेलबुट्टी, आणि जिथे गिलावा पडलाय तिथे पारवे. एवढे रंग कोणाच्या कष्टाचे, असे मी वहीत लिहिले. पलीकडच्या तीरावर ती बाग होती, जिथे बेगमेला आग्र्याला नेण्याआधी काही महिने पुरले होते. मेलेल्या बाईसाठी बाग, असे लिहिले. मला राग येत होता आणि रागाचा आनंदही होत होता. प्रत्येक भिंत माझ्या ओळीला साक्ष देत होती.

दोन प्रहरी घरी आलो तो घसा कोरडा पडलेला. मावशीने तांब्या पुढे केला. मी तो एका दमात रिकामा केला, दुसरा मागितला.

‘मावशी, काय गोड पाणी आहे! कोणाची विहीर?’

‘विहीर कशाची? बादशहाचं हाये.’

‘कोणाचं?’

‘बादशहाचं. कुंड्यांचं पानी. बठ्ठं गाव हेच पितं.’ आणि माझ्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली, ‘असा काय पाहतो रे? इख नाही दिलं तुले.’

मी तांब्या खाली ठेवला. ओसरीवर मावशीचे सासरे सुतळी वळत बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. म्युनिसिपालिटीच्या नोकरीत त्यांचे आयुष्य त्या कुंड्या साफ करण्यात गेले होते. मी त्यांना विचारले, खरे का हे? त्यांनी सुतळी खाली ठेवली, पागोटे डोक्यावर ठेवले आणि म्हणाले, ‘चाला.’

गावाबाहेर, सातपुड्याच्या अंगाला, मोकळ्या रानात विहिरींसारखी कुंड्यांची गोल बांधीव तोंडे एकामागून एक रांगेने गेलेली दिसली. आबांनी मला एका तोंडाशी ओणवे व्हायला लावले. खोल खाली पाणी होते. विहिरीतले पाणी उभे असते. हे चालत होते. डोंगराचे झिरपलेले पाणी जमिनीखालच्या भुयारातून एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत आणि तिथून गावात, ना मोट, ना रहाट.

‘आत चुना बसतो,’ आबा म्हणाले. ‘तो खरवडायले मी उतरे. तीनशे वर्सांचं काम हाये, एक चिरा हाललेला नाही.’

मी हट्टाने म्हणालो, ‘पण हे रयतेसाठी नव्हतंच, आबा. त्याच्या फौजेसाठी असेल.’

‘फौजेसाठीच होतं. हत्ती-घोड्यांसाठी होतं. मी काय त्याची आरती करतो?’ ते चिडले. ‘फौज गेली, हत्ती मेले. पानी चालूच हाये, त्याले मी काय करू? तुझ्या पत्रकात काय लिहिलं हाये ते वाच बरं.’

वळकटीतले त्यांनी पाहिले होते तर. मी ती ओळ म्हणून दाखवली. ती मला पाठ होती. कुंडीच्या काठावर ती म्हणताना माझेच शब्द मला सोंगाड्यासारखे वाटले.

आबा हसले नाहीत. ‘हे उद्या बाजारात वाटशील,’ ते म्हणाले, ‘तर लोक ही ओळ वाचतील, घरी जाऊन पानी पितील, आणि बाकीच्या तीन पानांत पुडी बांधतील.’

परतताना मला चालवत नव्हते आणि थांबवतही नव्हते. आमच्या गावी, नशिराबादच्या पुढे, चैत्र-वैशाखात बाया नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. सारा वसूल करणारे सरकार तिथे दर वर्षी येते. त्याने तिथे एक कुंडी बांधलेली नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाने फौजेसाठी का होईना जे केले, ते यांनी रयतेसाठी केले नाही, हे मला लिहिता आले असते. हे खरे होते आणि माझ्या ओळीपेक्षा कितीतरी बोचरे होते. छापण्याआधी पाहायला आलो असतो तर सापडले असते.

उन्हे उतरायच्या सुमारास मी ओसरीवर गठ्ठा सोडला आणि दौत मागितली. छापलेले परत फिरवण्याचा दुसरा उपाय नव्हता. मी बोरूने ती ओळ खोडू लागलो. वीस-पंचवीस प्रती झाल्या आणि मनगट दुखू लागले. मावशी हात पुसत आली.

‘कोणती ओळ?’

‘तिसरं पान. वरून आठवी.’

‘सरक. मले वाचता येत नाही, खोडता येते.’ तिने काडीला चिंधी बांधली, बोटाने आठ ओळी मोजल्या आणि अशी जाड रेघ ओढली की खालचे अक्षरही दिसेना. मग म्हणाली, ‘इतकी शिकली-सवरली मानसं तुम्ही. छापायच्या आधी एक कार्ड टाकलं असतं मावशीले!’

दुसऱ्या दिवशी मी बाजारात ते पत्रक वाटले. एका कापडवाल्याने तिसरे पान उजेडाला धरले. ‘इथं काय होतं?’ मी त्याला सांगितले. तो इतका हसला की शेजारच्या दुकानातली माणसे उठून आली. मग पाणी मागवून त्याने मला पाजले आणि उरलेली पाने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांतल्या एकाही ओळीवर कोणी हसले नाही.

जळगावला आलो तेव्हा धुळ्याचा मित्र आधीच परतला होता. त्याचा गठ्ठा संपला होता. एकही प्रत उरली नव्हती. मी सांगितले ते ऐकून तो भडकला. ‘बाकी बठ्ठं खरं शे ना? मंग एक ओळ काय लई बठना?’ त्याचे म्हणणे, एक ओळ काय घेऊन बसायची, लढाईत असे चालायचेच. आपणच आपली चूक दाखवली तर सरकारच्या हाती कोलीत दिल्यासारखे होईल. मी म्हणालो, सरकार खोटे छापते म्हणून तर आपण पत्रके काढतो. तो म्हणाला, पुढचे पत्रक दुसरा कोणी लिहील. तसेच झाले. ते पत्रक मी वाचले, चांगले होते, पण त्यातल्या दोन गावांची नावे पाहून मला झोप लागेना, कारण त्यांपैकी एकाही गावी लिहिणारा गेलेला नाही हे मला ठाऊक होते.

धुळ्याला गेलेल्या प्रती अजून घराघरांत आहेत. कुणाच्या फडताळात, कुणाच्या कणगीत. कोणीतरी पोर त्यांवर अक्षरे गिरवत असेल आणि छापलेले ते खरे असे समजत असेल. म्हणून तुमच्याकडे हे मागणे आहे. चार पानांचे ते पिवळट पत्रक तुमच्या घरी असेल तर जाळू नका, फेकू नका; त्यातल्या बाकी सगळ्या म्हणण्यावर मी उभा आहे. फक्त तिसरे पान काढा, वरून आठवी ओळ मोजा, आणि शाई, कोळसा, जे हाताशी असेल त्याने ती खोडा. आजच खोडा.