झाशीच्या क्वार्टरमधला मोरपंखी लसूण

चाळीसगाव ते झाशी या मार्गावरील समस्त माहेरच्या, सासरच्या आणि अधल्यामधल्या मंडळींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, लिंबाच्या रसात हिरवा पडलेला लसूण विषारी नसतो. ही बातमी तुमच्यापर्यंत बरीच उशिरा पोचते आहे, याबद्दल खेद आहे. पण मी रेल्वेच्या घरात नांदलेली बाई. उशिराबद्दल खेद व्यक्त करायचा आणि पुढे चालू लागायचं, एवढंच मला येतं.

लग्नानंतर चाळीसगावच्या फलाटावर मला पोचवायला निम्मी गल्ली आली होती. बाकीच्या आया अशा वेळी मुलीच्या हातात चांदीची वाटी देतात, कुंकवाचा करंडा देतात. माझ्या आईने खिडकीतून लसणाची वेणी आत सरकवली. वाळल्या पातीसकट घट्ट विणलेली, हातभर लांब, जांभळट झाक असलेल्या गड्ड्यांची. मी रडायच्या तयारीत होते. आईने ती संधीच दिली नाही. "लसणाला वारा दे," ती म्हणाली. "ऊन नको, पाणी तर मुळीच नको. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलास तर कुणाची लेक आहेस ते सांगू नकोस." गाडी हलली तरी ती चालत चालत सांगतच होती. मला शेवटचं ऐकू आलं ते तिचं नेहमीचं पालुपद: "हिरवा झाला तर हसावं, मऊ झाला तर टाकावं, बुडबुडला तर पुरावं." लेकीला निरोप देताना हे बोलणारी बाई अख्ख्या खानदेशात एकच असेल आणि ती माझ्या वाट्याला आली, याचा मला आजही गर्व आहे.

समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी भुसावळपर्यंत तो वास सोसला. खंडव्याला त्यांनी वरचा बर्थ गाठला, इटारसीला डबाच बदलला. माझा नवरा, म्हणजे तेव्हाचा अगदी नवाकोरा नवरा, रिकाम्या बर्थवर पाय पसरून म्हणाला, "बरं झालं, जागा झाली." या माणसाशी आपलं जमणार, हे मला तिथेच कळलं.

जमायला हवं होतं ते सासूबाईंशी. मूळच्या वाईच्या, पण रेल्वेच्या नोकरीमागून सासऱ्यांबरोबर झाशीला येऊन जुन्या झालेल्या. सासरे गेल्यावर मुलगा वर्कशॉपमध्ये फिटर लागला आणि नगरा नावाच्या वस्तीजवळच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांचं राज्य सुरू राहिलं. वाईट मुळीच नव्हत्या. फक्त त्यांच्या तोंडात एक शब्द होता. मी भाजीत शेंगदाण्याचं कूट घातलं की त्या म्हणायच्या, "तुमच्याकडे असं घालतात वाटतं." मी कपडे वाळत घातले की, "तुमच्याकडे असे उलटे घालतात वाटतं." तुमच्याकडे. मी त्यांच्या घरात राहत होते, त्यांच्या देवापुढे दिवा लावत होते, त्यांच्या मुलाचा डबा भरत होते, आणि तरीही माझं सगळं सामान अजून चाळीसगावच्या फलाटावरच होतं. तुमच्यापैकी ज्या नांदायला इटारसीला, बीन्याला, जबलपूरला गेल्यात, त्यांना हा शब्द ओळखीचा असेल. तो टोचत नाही, नुसता उंबऱ्यावर उभं करून ठेवतो. मला त्या उंबऱ्यावरून आत यायचं होतं. बाकी काही नको होतं.

आणि मग आषाढ आला. सासूबाईंचा चातुर्मास कडक. कांदेनवमीला कांदा, लसूण, वांगं सगळं पोटभर खायचं आणि कार्तिकी एकादशी होईपर्यंत त्यांचं नावही काढायचं नाही. आमच्याकडे, म्हणजे चाळीसगावकडच्या आमच्याकडे, लसणाशिवाय चार महिने काढायचे तर माणसाला दवाखान्यात घालावं लागलं असतं. पण ते कसंही निभलं असतं. प्रश्न वेणीचा होता. अर्धी शिल्लक होती. सासूबाई म्हणाल्या, "ही शेजारी गुड्डी की अम्माला देऊन टाक. चातुर्मासात दारात लसणाचं तोरण नको." पावसात भिजणाऱ्या व्हरांड्यात ती टिकणारही नव्हती. मी जमेल तितकी केविलवाणी दिसले. शेवटी तोडगा निघाला: सोलून बरणीत भरायचा, आणि बरणी स्वयंपाकघराबाहेर, पुढच्या खोलीतल्या फळीवर.

मी आईच्या पद्धतीने काचेची बरणी धुऊन कडक वाळवली, लसूण सोलला, मीठ सढळ हाताने घातलं आणि पाकळ्या पार बुडतील इतका लिंबाचा रस ओतला. एवढ्यात नवऱ्याला स्फूर्ती झाली. माझ्या बरणीत न मावलेल्या निम्म्या पाकळ्या त्याने दुसऱ्या बरणीत घातल्या आणि वर कच्चं तेल ओतायला लागला.

"आई म्हणते, कच्चा लसूण तेलात ठेवून देऊ नये," मी म्हटलं. "आज तेलात तर आज पोटात."

"तुझ्या आईने वर्कशॉप पाहिलंय का? तेलात बुडवलेलं बेअरिंग वर्षानुवर्षं गंजत नाही. लसणाची काय कथा?"

"लसूण बेअरिंग नाही."

"टेक्निकल गोष्ट आहे," तो म्हणाला आणि झाकण असं आवळलं की ते उघडायला पुढे पानाच लागला असता.

सासूबाईंनी अर्थातच निकाल दिला. "तेल बरं. लिंबात लसूण कधी ऐकला नाही. तुमच्याकडे घालत असतील."

चार महिने मी रोज त्या दोन बरण्यांवरची धूळ पुसली. आणि श्रावण संपायच्या आत माझ्या बरणीने मला दगा द्यायला सुरुवात केली. पाकळ्यांच्या टोकांना निळसर झाक आली. मग ती पसरली. दसऱ्यापर्यंत माझा लसूण मोरपंखी झाला होता, इतका की सरस्वतीपुढे ठेवला असता तर शोभला असता. शेजारी नवऱ्याची बरणी सोन्यासारखी पिवळीधमक, सराफाच्या काचेतली. सासूबाई येता-जाता दोन्हींकडे बघायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. त्या न बोलण्यातही "तुमच्याकडे" ऐकू यायचं.

कार्तिकी द्वादशीला दुपारी जेवायला जुन्या झाशीतल्या लक्ष्मी गेटजवळचे ओळखीचे काका-काकू येणार होते. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात इथे कारभाराला आलेले. आम्हा रेल्वेवाल्या मराठी माणसांना ते प्रेमाने वागवत, पण अजून गाडीतून उतरत असलेल्या लोकांना वागवावं तसं. सासूबाईंना त्यांच्यापुढे एक शीत इकडचं तिकडे झालेलं चालत नसे. चार महिन्यांनी वांग्याचं भरीत झालं होतं, भाकऱ्या झाल्या होत्या आणि तोंडी लावायला लसूण हवाच होता. दोन्ही बरण्या खाली आल्या.

काकूंनी माझी बरणी उजेडात धरली. "अगं बेटी, हा तर नीळा पडलाय. कहीं तांब्याच्या भांड्यात तर नाही ठेवला? विष चढतं त्याने."

"काचेतच होता," मी म्हटलं.

"मग नजर लागली असेल," काका म्हणाले. "हिला राहू द्या. ती पिवळी काढा, भैया. काय रंग आहे."

सासूबाईंनी माझी बरणी हळूच भिंतीकडे सरकवली. जणू ती पाहुण्यांसमोर खोकली होती.

नवरा ऐटीत पुढे झाला. झाकण मधोमध जरासं वर आलेलं मला दिसलं. मी तोंड उघडेपर्यंत त्याने ते फिरवलं होतं, आणि बरणी बोलली. फुस्स. लांब, सावकाश, ब्रेकचा पाइप सुटावा तशी. तेलातून बारीक बुडबुड्यांची रांग वर चढू लागली.

ज्या माणसाचा सगळा दिवस 'फुस्स' ऐकून गळती शोधण्यात जातो, त्याला दुसऱ्याने काही सांगावं लागत नाही. त्याचा चेहरा उतरला. पण काकांचं बोट बरणीकडे निघालं होतं. "वास तर ठीक आहे. जरा चाखून बघू."

मी माझा तळहात बरणीच्या तोंडावर ठेवला. सून म्हणून सहा महिन्यांत मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "चाखायचं नाही, काका. बोटसुद्धा नाही. आई सांगते, तेलात कोंडलेल्या लसणात हवा पोचत नाही आणि जे विष धरतं त्याला रंग नसतो, पुष्कळदा वासही नसतो. हा बुडबुडला, हे आपलं नशीब. नसता बुडबुडला तरी मी खाऊ दिला नसता."

नवऱ्याने झाकण लावलं, बरणी उचलली, मागे जाऊन खोल खड्डा केला आणि बरणीसकट पुरली. येताना हात दोनदा साबणाने धुतले आणि पाहुण्यांसमोर म्हणाला, "हिची आई बरोबर होती." चांगला नवरा ओळखायचा असेल तर हे वाक्य तोंडातून निघतं का, ते बघा.

राहिली माझी बरणी. मी ती मध्ये ओढली. रस नितळ होता, वर बुरशी नव्हती, फेस नव्हता, पाकळी दाबली तर टणक, बुळबुळीत नाही. वास लिंबाचा आणि लसणाचा, तिसऱ्या कशाचा नाही. लसणाला आंबट भेटलं की त्याच्या आतलंच काहीतरी रंग बदलतं, साठवणीतल्या लसणात जास्तच. मला तेव्हा हे शास्त्र ठाऊक नव्हतं, फक्त आई ठाऊक होती. हिरवा झाला तर हसावं. मी हसले आणि एक मोरपंखी पाकळी सगळ्यांच्या देखत कुर्रकन चावली. चौघे माझ्याकडे असे बघत होते, की आता ही पडते कुठल्या बाजूला.

त्यांना तसंच बघत राहू द्या. मला मध्येच थोडं आजचं सांगायचं आहे.

आज वेणी माहेरून येत नाही. आई नाही, वेणी विणणारंही कुणी नाही. मी झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावच्या बाजारातून बुंदेलखंडी लसूण आणते, नीट वाळलेला, घट्ट सालीचा, आणि मागच्या खिडकीशी वाऱ्यावर टांगते. लेक पुण्यात नोकरीला आहे. म्हणजे बघा, आम्ही जिथून निघालो त्या दिशेला ती परत गेली, पण मराठी बोलताना तिला अजून झाशीचा आधार लागतो. फोनवर फोटो पाठवते: "मम्मी, लसणाला अंकुर आलाय. फेकू क्या?" मी सांगते, कोंब कडू लागेल, काढून टाक, बाकी खा. पाकळी पिवळी, काचेसारखी आणि चिकट झाली असेल, किंवा सालीखाली काळी भुकटी दिसली, तर मात्र गड्डाच टाक. आणि लसणाचं तेल केलंस तर फ्रिजमध्ये ठेव, दोन-तीन दिवसांत संपव. ती म्हणते, "आपल्या झाशीला असंच करतात ना?" मी हो म्हणते. चाळीसगावच्या माझ्या आईचं बोलणं आता झाशीचं झालं आहे. घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: तुम्ही खिडकीतून सोबत घेतलेली गोष्ट ज्या जागेचे लोक पुढे आपली म्हणून सांगतात, ती जागा.

हं, तर मी पाकळी चावली होती. पडले नाही. दुसरी घेतली, भरिताबरोबर. तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला, एक पाकळी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि चार महिन्यांची भूक असल्यासारखी चावली. मग आणखी एक. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "पण वहिनी, असा हिरवा लसूण आम्ही कधी देखा नाही. कुठली रीत म्हणायची ही?"

आणि माझ्या सासूबाई, ज्यांनी लिंबातला लसूण जन्मात पहिल्यांदा चाखला होता, भरल्या तोंडाने पटकन बोलून गेल्या:

"अहो, आमच्याकडे लसूण असाच हिरवा पडतो."