पाविरोच्या हातातले काटे

मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर सलाक या फळाची काटेरी झाडं घरोघरी. फळ धरतं ते मादी झाडाला, पण त्यासाठी नर झाडाचा फुलांचा तुरा कापून तिच्या फुलावर हातानं ठेवावा लागतो. तरी नर झाडं फुकट जागा अडवतात म्हणून गावानं ती बहुतेक तोडून टाकली होती. तुकिनाहचा नवरा पाविरो मात्र आपल्या नराला कुणाला हात लावू देत नसे.

"तो आणि तुम्ही, एकाच माळेचे मणी," तुकिनाह म्हणायची. "काम ना धाम, नुसते काटे!"

मोसमात त्याच्या हातात रुतलेले काटे सुईनं काढताना तर तिचा पारा चढायचा. "झाडं आपली मूठभर, आणि काटे एवढे? धड तुरा ठेवता येत नाही तुम्हाला!" पाविरो नुसता हसायचा.

यंदा पाविरो गेला. मोसम आला तशी शेजारीण पार्जियेम दारात उभी राहिली.

"वहिनी, माझी फुलं वाळून चाललीत. तुरा मिळेल का?"

"इतकी वर्षं कुठून आणायचीस?"

"कुठून म्हणजे? पाविरोदादाच फुलांवर तुरे ठेवून जायचे की! माझ्याकडे, पार ओढ्यापल्याडच्या लोकांकडेसुद्धा. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

तुकिनाहनं कोयता घेतला, तुरे कापले आणि स्वतःच पार्जियेमच्या झाडांत शिरली. परत आली तेव्हा हातांची चाळण झाली होती. उंबऱ्यावर बसून तिनं सुईनं पहिला काटा उकरला आणि कळवळली.

"अहो, एकदा सांगायचं तरी," ती रिकाम्या घराकडे बघून म्हणाली. "सुई जरा हळू धरली असती."